हप्त्यामागचा भाव: न्यू जर्सीत लीजवर घेतलेल्या बीएमडब्ल्यू एक्स ३ चा आणि तिच्या सौद्याचा आढावा

न्यू जर्सीतील ज्या डीलरकडून आम्ही बीएमडब्ल्यू एक्स ३ ही गाडी तीन वर्षांच्या लीजवर, म्हणजे मुदतीअखेर परत देण्याच्या बोलीवर, घेतली, त्याच्या सेवेचा हा आढावा आहे. पण त्यातला मोठा भाग गाडीपेक्षा सौद्याविषयी आहे. गाडी आपल्याला मानवते की नाही हे टेस्ट ड्राइव्हच्या अर्ध्या तासात समजते, मात्र लीजचा सौदा चांगला झाला की नाही हे अनेकांना तीन वर्षे हप्ते भरूनही समजत नाही. डीलरचे नाव मुद्दाम देत नाही, कारण जे चांगले वाटले ते एका विक्री प्रतिनिधीचे होते आणि जे खटकले ते अमेरिकेतल्या अनेक शोरूममध्ये चालते. विक्री विभागाला पाचपैकी चार गुण, फायनान्सच्या खोलीला दीड आणि गाडीला साडेचार, असा माझा हिशेब आहे. त्याची कारणे पुढे येतील.

मराठी विश्व या इथल्या मंडळाच्या गणपतीत किंवा एखाद्या वाढदिवशी नव्या गाडीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘हप्ता किती पडला?’ पुण्याकडे लोक ‘ऑन रोड किती?’ असे विचारतात, आणि तो प्रश्न निदान पूर्ण रकमेचा तरी असतो. लीजच्या हप्त्याच्या आकड्यावरून मात्र काहीच ठरवता येत नाही, कारण तो गाडीचा भाव, तीन वर्षांनंतरची धरलेली किंमत, व्याज, मुदत, मैलांची मर्यादा, सुरुवातीला भरलेली रक्कम आणि निरनिराळी शुल्के यांच्या मिश्रणातून निघतो. यांतली कोणतीही एक गोष्ट हलवली की हप्ता हवा तिथे आणून ठेवता येतो. शोरूममध्ये पाऊल टाकताच विक्री प्रतिनिधी ‘महिन्याला किती बसेल तुमच्या बजेटमध्ये?’ असे आपुलकीने विचारतो ते याचसाठी. त्याला सातशे सांगितले की तो सातशेचा हप्ता बसवून देतो, आणि त्यासाठी गाडीचा भाव कमी केला की आपल्याच खिशातले पाच हजार डॉलर आधी घेतले, याची चर्चा होतच नाही. आम्ही पहिल्या भेटीत बजेट सांगण्याचे टाळले. ‘आधी गाडीची विक्रीकिंमत ठरवू, हप्ता आपोआप निघेल,’ एवढेच म्हटले. प्रतिनिधी किंचित हसला आणि त्यानंतर त्याने तो प्रश्न पुन्हा विचारला नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवतो.

सौद्याला बसण्यापूर्वी कोणता आकडा कोणाच्या हातात आहे हे माहीत असावे लागते. तीन वर्षांनंतर गाडीची जी किंमत धरली जाते, तिला इथे रेसिड्युअल म्हणतात. ती स्टिकरवरील, म्हणजे कंपनीने गाडीच्या खिडकीवर छापून लावलेल्या, किमतीच्या टक्केवारीत असते आणि कंपनीची वित्तसंस्था ती ठरवते. डीलर ती बदलू शकत नाही, म्हणून तिच्यावर घासाघीस करण्यात वेळ जातो, निष्पन्न काही होत नाही. व्याजाचा दर मनी फॅक्टर नावाच्या चमत्कारिक दशांश अपूर्णांकात सांगितला जातो. त्याचा मूळ दर वित्तसंस्थाच ठरवते, पण डीलरला त्यावर स्वतःची भर घालण्याची मुभा असते आणि ती भर थेट त्याच्या नफ्यात जाते. तिसरा आकडा गाडीच्या विक्रीकिमतीचा. तो पूर्णपणे डीलरच्या हातात असतो, आणि गंमत म्हणजे लीजवर गाडी घेणारे बहुसंख्य लोक त्याच आकड्यावर बोलत नाहीत, कारण ‘आपण गाडी विकत थोडीच घेतोय?’ असा त्यांचा समज असतो. वास्तविक लीज म्हणजे तीन वर्षांचा घसारा आणि अडकलेल्या भांडवलावरचे व्याज, दुसरे काही नाही. सवलत कितीही मिळाली तरी रेसिड्युअल स्टिकरच्या किमतीवरच मोजले जात असल्यामुळे, विक्रीकिमतीत सोडवून घेतलेला प्रत्येक डॉलर सरळ घसाऱ्यातून वजा होतो.

आमच्या व्यवहाराचे आकडे समजायला सोपे पडावेत म्हणून गोल करून देतो. प्रत्यक्ष दर जवळजवळ दर महिन्याला बदलतात, त्यामुळे हेच आकडे घेऊन कोणी डीलरकडे जाऊ नये. स्टिकरची किंमत ६०,००० डॉलर धरा. ३६ महिने आणि वर्षाला १०,००० मैल या हिशेबाने रेसिड्युअल ५८ टक्के, म्हणजे ३४,८००. आठ टक्के सवलत मिळून विक्रीकिंमत ५५,२०० झाली आणि वित्तसंस्थेचे सुरुवातीचे ९२५ डॉलर शुल्क तिच्यात मिळवले, तर भांडवली रक्कम ५६,१२५ होते. तिच्यातून रेसिड्युअल वजा केले की २१,३२५ डॉलरचा घसारा उरतो, तो ३६ ने भागून महिन्याला ५९२ डॉलर. व्याजासाठी भांडवली रक्कम आणि रेसिड्युअल यांची बेरीज, म्हणजे ९०,९२५, मनी फॅक्टरने गुणायची, तो ०.००२१० असेल तर १९१ डॉलर येतात. करापूर्वीचा हप्ता झाला ७८३ डॉलर. वजाबाकी न करता बेरीज का घ्यायची, असे पुष्कळांना वाटते. सुरुवातीची आणि शेवटची थकबाकी यांची सरासरी काढायची, तर बेरजेला दोनने भागावे लागते, आणि तो दोन, वर्षाचे बारा महिने व टक्केवारीचे शंभर हे सगळे मनी फॅक्टरच्या पोटात घातलेले असतात. म्हणूनच मनी फॅक्टरला २४०० ने गुणले की नेहमीचा वार्षिक व्याजदर मिळतो, ०.००२१० म्हणजे साधारण पाच टक्के. शाळेत चक्रवाढ व्याजाची उदाहरणे सोडवलेल्या कोणालाही हा हिशेब कागदावर मांडता येईल, आणि तो येतो म्हटल्यावर शोरूममधल्या संभाषणाचा सूरच बदलतो. याच हिशेबाने भावात हजार डॉलर कमी झाले, तर महिन्याला जेमतेम तीस डॉलर कमी होतात, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. ‘तुमच्यासाठी हप्त्यात दहा डॉलर कमी करून देतो’ या औदार्याची खरी किंमत साडेतीनशे डॉलरही नसते, हे त्यावरून कळते.

हप्ता स्टिकरच्या किमतीच्या एक टक्क्याहून कमी असावा, असा एक ठोकताळा इथे सांगितला जातो. आमचा हप्ता १.३ टक्के आला. पैसा स्वस्त होता तेव्हाचा हा ठोकताळा आहे आणि आजच्या व्याजदरात लोकप्रिय मॉडेलवर तो लावून पाहिला तर निराशाच पदरी येईल. एका मॉडेलसाठी तीन डीलरांचे भाव समोर ठेवणे ही त्यापेक्षा अधिक विश्वासाची पद्धत आहे.

या डीलरचा विक्री विभाग इथेच उजवा ठरला. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियातील डीलरांना आम्ही एकाच मजकुराचा ईमेल पाठवला होता. त्यात हवे असलेले मॉडेल, रंग आणि पर्याय लिहून विक्रीकिंमत, रेसिड्युअल, मनी फॅक्टर, कंपनीच्या लागू सवलती आणि सर्व शुल्के वेगवेगळी कळवण्याची विनंती होती. काहींनी ‘या, बसून बोलू’ असे उत्तर दिले. काहींनी फक्त हप्ता कळवला आणि खाली बारीक अक्षरांत सुरुवातीला भरायचे साडेपाच हजार डॉलर लिहिले. या प्रतिनिधीने मात्र विचारलेला प्रत्येक आकडा एका पानाच्या तक्त्यात भरून पाठवला आणि मनी फॅक्टर मूळ दरानेच लावला असल्याचे लेखी कळवले. पुढे दुसऱ्या डीलरचा कमी भाव दाखवल्यावर त्याने तो पूर्ण गाठला नाही, पण अर्धे अंतर खाली आला आणि राहिलेल्या फरकाचे कारणही सांगितले: त्या दुसऱ्या गाडीत थंडीसाठीचे गरम सीट आणि स्टिअरिंग नव्हते. ते आम्ही स्टिकर पाहून पडताळले आणि खरे निघाले. कॉर्पोरेट सवलतीचा विषयही त्यानेच काढला. मोठ्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना काही आलिशान ब्रँड वेगळी सवलत देतात आणि आयटीतल्या अनेकांची कंपनी त्या यादीत असते, पण विचारल्याशिवाय ती सहसा कोणी सांगत नाही.

वाटाघाटीसाठी महिनाअखेर बरी, हा सल्ला सर्वत्र ऐकू येतो आणि तो निराधार नाही, कारण डीलरला विक्रीचे मासिक लक्ष्य गाठल्यावर कंपनीकडून जादा रक्कम मिळते. मात्र महिना संपताना कंपनीच्या सवलतीही बदलू शकतात, त्यामुळे ३० तारखेला ताणून धरलेला सौदा १ तारखेला महागही पडू शकतो. आणखी एक स्थानिक गोष्ट बाहेरून आलेल्यांना माहीत नसते: न्यू जर्सीत रविवारी मोटारींची विक्री कायद्यानेच बंद असते. आपल्याला मोकळा वेळ मिळतो तो रविवारी, म्हणून सारी गर्दी शनिवारी दुपारी लोटते, आणि त्या गर्दीत कोणालाच हिशेब समजावण्याची उसंत नसते. भाव आधी ईमेलवर ठरवून आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी सहीला जावे.

प्रतिनिधीने एक गाडी जास्त स्वस्तात देऊ केली होती. ती सर्व्हिसला आलेल्या ग्राहकांना तात्पुरती वापरायला देण्यात येणाऱ्या गाड्यांपैकी होती आणि थोडेच मैल चाललेली होती. अशा गाड्यांवरची सवलत डोळ्यांत भरते. पण चाललेल्या मैलांमुळे रेसिड्युअल कमी होते आणि वॉरंटीचे घड्याळ गाडी वापरात आल्याच्या दिवसापासून सुरू झालेले असते. बीएमडब्ल्यूची मूळ वॉरंटी इथे चार वर्षे किंवा ५०,००० मैल आहे आणि नियमित देखभाल तीन वर्षे किंवा ३६,००० मैलांपर्यंत मोफत आहे. कोरी गाडी ३६ महिन्यांसाठी आणि वर्षाला १०,००० मैलांच्या मर्यादेत घेतली, तर संपूर्ण लीज या दोन्हींच्या छत्राखाली येते. आधी वापरलेल्या गाडीत देखभालीचा काळ लीज संपण्याआधीच संपतो. हा फरक लक्षात आणून दिल्यावर प्रतिनिधीने तो आग्रह सोडला.

डीलरने स्वतः गाडीवर चढवलेल्या वस्तूंविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण त्यांचा लीजमधला भुर्दंड सहजी दिसत नाही. कारखान्यातून बसवून आलेला दीड हजार डॉलरचा पर्याय स्टिकरच्या किमतीत धरला जातो, म्हणून त्याचेही ५८ टक्के रेसिड्युअलमध्ये परत मिळतात आणि त्यावर सवलतही मिळते. वरच्या हिशेबाने तो महिन्याला एकोणीस डॉलरच्या आसपास पडतो. तेवढ्याच किमतीचे डीलरचे ‘प्रोटेक्शन पॅकेज’, म्हणजे रंगावरचा थर, दारांच्या कडांवरची पट्टी आणि टायरमधला नायट्रोजन, रेसिड्युअलमध्ये मोजले जात नाही. ते पूर्णच्या पूर्ण तीन वर्षांत फेडावे लागते आणि महिन्याला पंचेचाळीस डॉलर नेते. शोरूममध्ये उभ्या असलेल्या आमच्या गाडीच्या खिडकीवर कंपनीच्या स्टिकरशेजारी असा दुसरा, जवळजवळ तशाच छपाईचा कागद चिकटवलेला होता. त्यावरची रक्कम स्टिकरमध्ये मिळवून त्यावर सवलत दिल्याचे दाखवायचे, ही जुनी चलाखी आहे. आम्ही तो कागद बाजूला ठेवून सवलत मूळ स्टिकरवर मागितली आणि ते पॅकेज नको म्हटले. नायट्रोजन आधीच भरलेला होता, तो त्यांनी फुकट सोडला.

सुरुवातीला मोठी रक्कम भरू नये, हा सल्ला आपल्याकडच्या संस्काराच्या अगदी उलट जातो. कर्ज जितके कमी तितके बरे असे आपण मानतो, आणि खरेदीच्या बाबतीत ते बरोबरही आहे. लीजमध्ये मात्र चार हजार डॉलर आधी भरले की हप्ता सुमारे १२० डॉलरने कमी दिसतो, व्याजात जी बचत होते ती तीन वर्षांत तीनशे डॉलरच्या घरात असते, आणि त्या बदल्यात सगळी जोखीम आपल्यावर येते. गाडी दुसऱ्याच महिन्यात अपघातात निकामी झाली, तर विम्याची रक्कम गाडीच्या मालकाला म्हणजे लीज कंपनीला मिळते. ती लीजच्या थकबाकीपेक्षा कमी पडली, तर तो फरक करारातील गॅप संरक्षणातून भागतो, आणि आपण भरलेले चार हजार परत मिळत नाहीत. आलिशान ब्रँडच्या वित्तसंस्थांच्या लीजमध्ये हे संरक्षण बहुधा समाविष्ट असते, तरी ते करारात लिहिलेले आहे की नाही हे पाहूनच सही करावी, आणि तेच पुन्हा वेगळे विकत घेऊ नये. आम्ही पहिला हप्ता, कर, नोंदणी आणि डीलरचे कागदपत्र शुल्क एवढेच सहीच्या वेळी भरले. कागदपत्र शुल्कावर न्यू जर्सीत कायद्याची कमाल मर्यादा नाही, त्यामुळे ते काही शे डॉलरपर्यंत जाते. डीलर ते कमी करत नाहीत, कारण ते सर्वांना सारखे लावावे लागते असे ते सांगतात. तेव्हा त्याच्याशी भांडण्याऐवजी तेवढी रक्कम विक्रीकिमतीतून मागावी. कराचेही इथले वैशिष्ट्य आहे. सहा महिन्यांहून जास्त मुदतीच्या लीजवरचा ६.६२५ टक्के विक्रीकर न्यू जर्सीत सुरुवातीलाच द्यावा लागतो. आमच्या हप्त्यांच्या एकूण रकमेवर तो १,८६८ डॉलर झाला. डीलर तो भांडवलात मिळवून देतो, पण मग त्यावरही व्याज चढते.

सहीचा दिवस. भाव, दर आणि शुल्के लेखी ठरलेली असल्यामुळे केवळ कागदावर सह्या करायच्या होत्या. विक्री प्रतिनिधीने किल्ल्या दाखवल्या, फोनशी गाडी जोडून दिली आणि आम्हाला फायनान्स मॅनेजरच्या काचेच्या खोलीत नेऊन बसवले. ज्यांनी पूर्वी गाडी घेतली आहे त्यांना ही खोली ठाऊक असेल. ठरलेला सौदा इथे हळूहळू सैल होतो. मॅनेजरने करार पडद्यावर उघडला, बोट थेट सहीच्या चौकटीवर ठेवले आणि हवापाण्याच्या गप्पा सुरू केल्या. बायको म्हणाली, ‘सही नंतर कर, आधी हप्ता बघ.’ ईमेलमध्ये ७८३ होता, करारात ८२० होता.

विचारल्यावर उत्तर तयार होते: नोंदणी आणि कागदपत्र शुल्क त्यात मिळवले आहे. ज्याला कराराची मांडणी माहीत नाही त्याला हे पटले असते. पण अमेरिकेत १९७६ च्या ग्राहक लीज कायद्यामुळे आणि त्याखालच्या नियमांमुळे प्रत्येक ग्राहक लीजमध्ये हप्त्याची फोड ठरावीक क्रमाने छापावी लागते. वरून खाली: एकूण भांडवली रक्कम, तिच्यातून वजा झालेली रक्कम, उरलेली भांडवली रक्कम, रेसिड्युअल, घसारा, आणि मग ‘रेंट चार्ज’ या नावाने संपूर्ण मुदतीचे व्याज. आमच्या करारात भांडवली रक्कम ईमेलप्रमाणेच ५६,१२५ होती, म्हणजे तिच्यात कसलीही भर पडलेली नव्हती; नोंदणी आणि कागदपत्र शुल्क सहीच्या वेळी भरायच्या रकमेत स्वतंत्र दाखवले होते. रेसिड्युअल तेच, घसारा तोच. फक्त रेंट चार्ज ६,८७४ ऐवजी ८,१८३ झाला होता. त्याला ३६ ने भागून, आलेल्या २२७ ला ९०,९२५ ने भागले की उत्तर ०.००२५० येते, म्हणजे पाच टक्क्यांचे सहा टक्के झाले होते. मनी फॅक्टर करारात कुठेही छापलेला नव्हता आणि तो छापण्याची सक्ती कायद्यात नाही. ही त्या कायद्यातली मला सर्वांत खटकणारी उणीव आहे. पण रेंट चार्ज छापावाच लागतो, आणि त्यावरून उलट हिशेब करता येतो.

मी फोनच्या कॅल्क्युलेटरवरचा हा आकडा त्याच्यासमोर धरला. त्याने तो पाहिला, ‘बँकेने कदाचित वेगळ्या श्रेणीत मंजुरी दिली असेल’ असे म्हणाला आणि बाहेर गेला. आमचा क्रेडिट स्कोअर त्याच्याच पडद्यावर सर्वोच्च श्रेणीत दिसत होता. काही वेळाने तो नवा करार घेऊन आला. रेंट चार्ज ६,८७४, हप्ता ७८३. दिलगिरी नाही, खुलासा नाही. दरावर भर घालणे बेकायदेशीर नाही, हे मान्य. पण ती न घालण्याचे लेखी कळवल्यावर शेवटच्या क्षणी १,३०९ डॉलर व्याजात सरकवून ठेवायचे आणि विचारल्यावर शुल्काचे निमित्त सांगायचे, याला चूक म्हणणे मला जड जाते. दीड गुण त्याचेच आहेत. त्यांतला एक गुण करार तक्रार न करता बदलून दिल्याबद्दल. ज्यांना असे वाटते की सही केल्यावर तीन दिवसांत व्यवहार रद्द करता येतो, त्यांच्यासाठी सांगतो: शोरूममध्ये केलेल्या गाडीच्या व्यवहाराला संघराज्याचा तो नियम लागू होत नाही. डीलरांच्या अशा वागणुकीला आळा घालण्यासाठी फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २०२३ मध्ये स्वतंत्र नियम जाहीर केला होता, पण जानेवारी २०२५ मध्ये अपील न्यायालयाने तो प्रक्रियेतील त्रुटीवरून रद्द केला. त्यामुळे सध्या तरी आपला कॅल्क्युलेटर हेच आपले संरक्षण आहे.

त्याच खोलीत पुढे विक्रीचा दुसरा अंक झाला: वाढीव वॉरंटी, आतल्या कातड्याचे संरक्षण, हरवलेल्या किल्लीचा विमा, चाके आणि टायर यांचे संरक्षण. तीन वर्षांत परत द्यायच्या गाडीला चार वर्षांची वॉरंटी असताना वाढीव वॉरंटी विकणे हा निव्वळ धीटपणा आहे. चाकांच्या संरक्षणाला मात्र मी सरसकट नाही म्हणणार नाही. न्यू जर्सीत हिवाळा सरला की रस्त्यांना खड्डे पडतात, या गाड्यांच्या मोठ्या चाकांवरचे टायर पातळ असतात, आणि गाडी परत देताना वाकलेले किंवा खरवडलेले चाक दुरुस्तीच्या बिलात येते. पहिली सांगितलेली किंमत आम्ही नाकारली, उठायची तयारी केल्यावर ती जवळजवळ निम्म्यावर आली आणि तेव्हा आम्ही ते घेतले. या खोलीतल्या प्रत्येक वस्तूची किंमत भाव करण्यासाठीच ठेवलेली असते, हे तिथल्या कागदांवर कुठे लिहिलेले नसते एवढेच.

गाडीविषयी थोडक्यात. २०२५ पासूनची नवी एक्स ३ दक्षिण कॅरोलिनातल्या स्पार्टनबर्गमध्ये तयार होते. आमच्या ३० एक्सड्राइव्हमध्ये दोन लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन आणि ४८ व्होल्टची सौम्य हायब्रिड प्रणाली आहे. २५५ अश्वशक्ती टर्नपाइक या इथल्या महामार्गावर भरपूर होते. मागच्या सीटवर आईवडील आरामात बसतात, आवाज आत येत नाही, वळणावर गाडी झुकत नाही. अर्धा गुण कापला तो आतल्या प्लॅस्टिकसाठी आणि एअर कंडिशनरची नियंत्रणे पडद्यात कोंबल्याबद्दल.

इलेक्ट्रिक गाडीचा पर्याय आम्ही पाहिला होता. कोणाच्या तरी इलेक्ट्रिक लीजचा जुना स्वस्त हप्ता ऐकून तुलना करणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की लीज कंपनीमार्फत मिळणारी ७,५०० डॉलरची केंद्रीय करसवलत ३० सप्टेंबर २०२५ नंतर बंद झाली आणि न्यू जर्सीची विक्रीकरातील सूटही टप्प्याटप्प्याने जाऊन १ जुलै २०२५ पासून पूर्ण कर लागू झाला. तो हप्ता आता कोणताही डीलर देऊ शकणार नाही, कितीही घासाघीस केली तरी.

राहिला मैलांचा आणि मुदतीचा प्रश्न, आणि इथे डीलरपेक्षा आपल्या परिस्थितीचा हिशेब जास्त महत्त्वाचा. प्रिन्स्टन जंक्शनवरून रेल्वेने न्यूयॉर्कला जाणाऱ्याला वर्षाला १०,००० मैल पुरतात. प्लेन्सबरोहून जर्सी सिटीला रोज गाडीने जाणाऱ्याला एकेरी पंचेचाळीस मैलांप्रमाणे दोनशे दिवसांतच १८,००० लागतात, आणि मर्यादेवरच्या प्रत्येक मैलाला २५ सेंटच्या आसपास दंड बसतो. त्याने लीजच्या वाटेला न जाता गाडी विकत घ्यावी. जादा मैल हवेच असतील तर ते सुरुवातीलाच करारात घालून घ्यावेत, शेवटी दंडाने भरण्यापेक्षा ते स्वस्त पडतात. ज्यांचा व्हिसा मुदतीच्या मध्ये संपतो किंवा ज्यांच्या मनात भारतात परतण्याचा विचार घोळतो आहे, त्यांनी लीज मध्येच मोडण्याचे कलम सहीपूर्वी सावकाश वाचावे. उरलेले हप्ते आणि गाडीच्या बाजारभावातला फरक मिळून ही रक्कम अनेक हजारांत जाते. लीज दुसऱ्याच्या नावे करण्याची परवानगी प्रत्येक वित्तसंस्था देत नाही, आणि दुसऱ्या ब्रँडच्या डीलरला गाडी विकून मोकळे होण्याची जी वाट २०२१ मधल्या गाड्यांच्या टंचाईत अनेकांना नफ्याची ठरली, ती त्यानंतर अनेक कंपन्यांनी बंद केली. आमच्या विक्री प्रतिनिधीने हे कलम स्वतःहून काढून दाखवले होते. पुढची गाडी घ्यायची वेळ आली तर भाव मी त्यालाच विचारेन, आणि करार सहीच्या आदल्या दिवशी ईमेलवर मागवेन.